दोन स्पीकर की पाच? आधी सोफ्याचं बघू

*नमस्कार,*

*आमच्या हॉलसाठी स्पीकर घ्यायचे आहेत आणि त्यावरून घरात तीन पक्ष पडलेत. मला रोज संध्याकाळी तासभर निवांत गाणं ऐकायचं असतं. त्यात शास्त्रीय जास्त, बाकी जुनी गाणी. मला दोन चांगले स्पीकर पुरेत. नवऱ्याला सिनेमाचं वेड. त्याच्या मित्राकडे ५.१चा (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा सबवूफर) सेट आल्यापासून त्याला तोच हवा आहे. मित्राचं म्हणणं, ‘पाच घेतले की दोन त्यातच आले, आणि आता गाणीसुद्धा सराउंडमध्ये येतात.’ सासूबाईंचं तिसरंच. टीव्हीवर बोलतात काय ते त्यांना कळत नाही आणि मारामारी सुरू झाली की कानठळ्या बसतात.*

*खोली १४ बाय ११ फूट. टीव्ही लांब भिंतीवर, समोरच्या भिंतीला टेकून तिघांचा सोफा, सोफ्याच्या डाव्या हाताला लागूनच आतल्या खोलीचं दार. खर्चाचा आकडा ठरलेला आहे, तो वाढणार नाही. स्टीरिओ अ‍ॅम्प घ्यावा की रिसीव्हर? की साउंडबार आणून विषय संपवावा? आणि वडिलांचे जुने स्पीकर माळ्यावर आहेत, मागे ‘४ ओहम’ लिहिलंय, ते कामाला येतील का?*

*– तीन पक्षांत अडकलेली*

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही अगदी जाता जाता दिली आहे. सोफा भिंतीला टेकलेला आहे आणि डाव्या हाताला दार आहे. वॅट, चॅनेल, कंपनी यांच्या गप्पा नंतर. तुमचा निर्णय या दोन गोष्टींनी निम्म्याहून जास्त घेऊन टाकलाय.

माझं मत आधीच सांगते. आत्ता दोन चांगले स्पीकर घ्या, पण ते पाच चॅनेलच्या रिसीव्हरवर लावा, म्हणजे टीव्हीला जोडता येणाऱ्या आणि पाच स्पीकरना वेगवेगळा आवाज देणाऱ्या यंत्रावर. पुढे पैसे जमले की तिसरा घ्या, तो टीव्हीखाली मधोमध बसेल. मागचे दोन सोफा भिंतीपासून हलेपर्यंत घेऊच नका. यात तुम्ही जिंकता, सासूबाई तर नक्कीच जिंकतात. नवरोबांना थोडी वाट बघावी लागेल.

मित्राचं वाक्य संख्येच्या हिशेबात बरोबर आहे. पण तुमचा आकडा ठरलेला आहे. तो दोन खोक्यांवर खर्च करायचा, की पाच छोटे स्पीकर, एक सबवूफर, त्यांच्या वायरी आणि या सगळ्यांना चालवणारा अ‍ॅम्प यांत वाटायचा? एकच चादर सहा जणांनी ओढावी तशी गत होते. स्वस्तातल्या तयार सेटमधले स्पीकर तळहाताएवढे असतात, आत तीनेक इंचांचा कोन. एवढासा कोन १५० ते २०० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा) खाली दमदारपणे वाजूच शकत नाही, म्हणून त्याखालचं सगळं सबवूफरकडे ढकललं जातं. आता पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणजे माणूस दिसतो पडद्यावर आणि त्याच्या आवाजातला भारदस्तपणा येतो कोपऱ्यातल्या खोक्यातून. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं उमगत नाही, म्हणून तर सबवूफर कुठेही लपवता येतो. १५० हर्ट्झला मात्र ते उमगतं. तुमच्या शास्त्रीय गाण्यात हे फार खटकेल. तबल्याची चाट समोर आणि डग्ग्याचा घुमारा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, असा तबलजी कुणी पाहिलाय?

मित्राच्या घरी त्या सेटवर सिनेमा दणदणीत वाटला असेल, ते खरंच आहे. विमान डोक्यावरून गेलं, पाऊस चहूबाजूंनी पडला की माणूस खूश होतो. तिथेच एकदा साधं गाणं लावायला सांगा. एक गायिका, एक तानपुरा, बाकी काही नाही. पाच मिनिटांत तुमच्या दोघांतला वाद अर्धा मिटेल.

‘आता गाणीही सराउंडमध्ये येतात’ हेही अर्धसत्य. येतात. अ‍ॅपल म्युझिकने २०२१मध्ये डॉल्बी अ‍ॅटमॉस या सराउंड पद्धतीतली गाणी द्यायला सुरुवात केली. पण आजवर ध्वनिमुद्रित झालेल्या संगीताचा फार मोठा भाग दोन चॅनेलसाठीच केलेला आहे, आणि तुमच्या आवडीच्या जुन्या गाण्यांतला बराचसा तर एकाच. स्टीरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या त्याच १९५७-५८च्या सुमाराला. त्याआधीचं गाणं मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचं. ते दोन स्पीकरवर लावलं की गायक बरोबर मध्ये उभा राहतो, आणि तेच त्याचं योग्य ठिकाण. अशा गाण्याला मशीनकडून ओढूनताणून पाच स्पीकरवर पसरवून घेतलं की गायक हौदात उतरून गातोय असं वाटतं. रिसीव्हरमध्ये ही सोय असते, ती गाण्याच्या वेळी बंद ठेवायची.

थोडा इतिहास सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात दडलंय. ‘स्टीरिओ म्हणजे दोन’ हे आपण धरून चालतो, पण सुरुवातीला तसं ठरलेलं नव्हतं. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लुमलाइन या ईएमआयच्या इंजिनिअरने १९३१मध्ये दोन चॅनेलचं पेटंट दाखल केलं. सिनेमा बघताना नट पडद्याच्या एका बाजूला आणि आवाज भलतीकडून, हे खटकल्यामुळे त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. म्हणजे स्टीरिओचं मूळही सिनेमातच! इकडे अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजने १९३३मध्ये फिलाडेल्फियात वाजणारा ऑर्केस्ट्रा टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, आणि त्यांनी वापरले तीन चॅनेल: डावा, मधला, उजवा. मोठ्या सभागृहात बाजूला बसलेल्यांनाही वाद्यं आपापल्या जागी वाटावीत म्हणून मधला हवाच होता. मग घरात दोनच का आले? रेकॉर्डच्या खाचेला भिंती दोनच. एका भिंतीवर डावा चॅनेल, दुसरीवर उजवा. तिसऱ्याला जागाच नव्हती. १९७०च्या दशकात चार स्पीकरचं क्वाड्रोफोनिक घरात घुसवायचा प्रयत्न झाला, पण एका कंपनीची रेकॉर्ड दुसरीच्या मशीनवर नीट वाजेना, आणि लोकांनी नाद सोडला. मागचे स्पीकर घराघरांत पोचले ते सिनेमाच्या वाटेने, आधी व्हिडिओ कॅसेट आणि मग डीव्हीडीबरोबर.

तर खरा प्रश्न मधल्या स्पीकरचा आहे. तुमच्या सोफ्यावर तो कसा येतो ते बघा.

टीव्ही १४ फुटी भिंतीवर आहे. स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून ८ फुटांवर आणि भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ठेवलेत असं धरा. सोफ्यावर बसल्यावर कान त्या स्पीकरांच्या रेषेपासून साधारण ८ फुटांवर येतील. मधोमध बसणाऱ्याला हे उत्तम. दोन्ही स्पीकरचं अंतर सारखं, आवाज एकाच वेळी पोचतो आणि मेंदू तो दोघांच्या मध्ये बसवतो. तिथे स्पीकर नसतो, तरी गायिका तिथेच असते. स्टीरिओची सगळी जादू ती हीच.

आता उजव्या टोकाला बसलेल्या सासूबाई. त्या मध्यापासून अडीच फूट बाजूला. उजवा स्पीकर त्यांच्यापासून ८ फुटांच्या किंचित पुढे, डावा १० फुटांहून जास्त. फरक २ फुटांचा. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे डावीकडचा आवाज जवळपास २ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकताना हास्यास्पद वाटतं, पण कानाला एक मिलिसेकंदाचा फरकही पुरतो. आधी पोचलेला आवाज जिंकतो, दिशा तोच ठरवतो. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९च्या सुमाराला हे तपासलं, म्हणून याला हास परिणाम म्हणतात. परिणाम असा की सासूबाईंसाठी बातम्या सांगणारी बाई टीव्हीत नसते, उजव्या खोक्यात असते. तुम्ही मध्ये, तुम्हाला काहीच तक्रार नाही. नवरा डावीकडे, त्याला ती डावीकडे ऐकू येते. एका घरात तीन ठिकाणी तीच बाई.

मधला स्पीकर हे भांडण संपवतो. संवाद त्यातून येतात, आणि कुणीही कुठेही बसलं तरी ते पडद्यावरूनच येतात.

आणखी एक बारीक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. दोन स्पीकरांनी मिळून मध्ये उभा केलेला आवाज आणि खऱ्या मधल्या स्पीकरचा आवाज तंतोतंत सारखा नसतो. उजवा स्पीकर डाव्या कानालाही ऐकू येतो, फक्त डोक्याला वळसा घालून, पाव मिलिसेकंद उशिरा. त्यामुळे २ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज थोडा खचतो. हा पट्टा व्यंजनांच्या स्पष्टपणाचा आहे. गाण्यात याचा त्रास होत नाही. गाण्याचं मिश्रण करणाऱ्याने ते दोन स्पीकरवर ऐकूनच जमवलेलं असतं, शिवाय खोलीतले प्रतिध्वनी तो खड्डा बराचसा बुजवतात. सिनेमातले संवाद मात्र मुळातच मधल्या चॅनेलसाठी केलेले असतात. स्पष्ट बोलणं ऐकायला धडपडणाऱ्या माणसाला इतका फरकही जाणवतो.

आता मागच्या दोघांचं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ५.१मध्ये पुढचे दोन मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर असावेत, म्हणजे कानाच्या रेषेपेक्षा थोडे मागे. तुमच्या कानांच्या मागे फूट-दीड फुटावर भिंत आहे. बरं, बरोबर बाजूला ९० अंशांवर लावावेत तर डावीकडे दार. मग बहुतेक जण करतात तेच होईल. दोन्ही स्पीकर मागच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. टोकाला बसलेल्याच्या कानाजवळ एक स्पीकर सतत खुसखुसत राहणार. आठवडाभर मजा वाटते, मग कुणीतरी हळूच त्यांचा आवाज कमी करतो आणि महिन्याभरात ते बंद होतात. ‘वायरलेस’ मागचे स्पीकर मिळतात, पण त्यांनाही विजेची वायर लागतेच, हे खोका उघडल्यावर कळतं.

जागा असती तर मी सराउंडच्या विरोधात नाही. सोफा भिंतीपासून चार-पाच फूट पुढे असता, दोन्ही बाजू मोकळ्या असत्या आणि आठवड्यातून तीन सिनेमे होत असते, तर मी तुम्हाला पाच घ्या असंच सांगितलं असतं. चांगल्या पाच स्पीकरांवर पावसाचा प्रसंग ऐकणं हा खरोखर वेगळा आनंद आहे. दोन स्पीकर कितीही महागडे असले तरी तो देऊ शकत नाहीत.

साउंडबारबद्दल फार लिहीत नाही. तीन फुटांच्या पट्टीत डावा आणि उजवा कोंबलेले असतात. तुमच्या ८ फुटांच्या अंतरावरून ते मध्यरेषेच्या जेमतेम १० अंश इकडे-तिकडे पडतात. संवाद सुधारतील, गाणं पसरणार नाही. स्पीकर ठेवायला जागाच नसेल तर तो पर्याय आहे, आणि तुमच्याकडे जागा आहे.

स्टीरिओ अ‍ॅम्प की रिसीव्हर? तुमच्यासारखी गाण्याची माणसं इथे ‘स्टीरिओ अ‍ॅम्प शुद्ध असतो’ असं ऐकून येतात. एवढ्याच पैशांत स्टीरिओ अ‍ॅम्पचा विजेचा भाग दणकट मिळतो हे खरं. पण दोन चांगल्या अ‍ॅम्पमधला फरक बारीक, दोन स्पीकरमधला फरक ठसठशीत, आणि खोलीत दोन ठिकाणी ठेवलेल्या एकाच स्पीकरमधला फरक त्याहून ठसठशीत. रिसीव्हरचे फायदे तुमच्या घराला रोज लागतील. टीव्हीची एचडीएमआय वायर सरळ लागते, टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो, पुढे मधला स्पीकर लावायला जागा तयार असते, आणि सोबत येणाऱ्या मायक्रोफोनने खोलीचं मोजमाप करून घेता येतं. एचडीएमआयच्या खाचेशेजारी एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवायची सोय) लिहिलंय का ते दोन्ही यंत्रांवर बघून घ्या, वायर तिथेच लागते.

वॅटच्या आकड्याने भुलू नका. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा दोनच चॅनेल, किंवा एकच, चालवून मोजलेला असतो. पाचही एकदम चालले की तो उतरतो. तुम्ही दोनच चालवणार, म्हणजे तुमचं उलट चांगलंच. शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप), कानाला ‘जरा वाढला’ इतपत. तेवढाच फरक ८७ डीबी संवेदनशीलतेच्या (ठरावीक विजेत स्पीकर किती मोठा वाजतो ते) स्पीकरऐवजी ९०चा घेतला तरी पडतो, वीज तीच. हा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात असतो, तो वाचा.

स्पीकर कोणते हे नाव घेऊन सांगणार नाही, कानाने निवडा. मध्यम आकाराचे, पाच किंवा साडेसहा इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणारा मोठा कोन), स्टँडवर ठेवायचे. अट एकच: त्याच कंपनीच्या त्याच मालिकेत मधला स्पीकर मिळत असला पाहिजे. आत्ता घ्यायचा नाही, पण मिळतो याची खात्री आत्ताच करायची. पुढचे तीन एका घराण्याचे नसले की माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेला की त्याचा आवाज वाटेत बदलतो. ऐकायला जाताना स्वतःची गाणी न्या. दुकानातला नमुना नेहमी ढोलताशांचा आणि काच फुटण्याचा असतो, त्यावर कुठलाही स्पीकर छान वाजतो. तुम्हाला पाठ असलेला आलाप लावा, श्वास ऐकू येतो का बघा. तानपुऱ्याच्या चारही तारा सुट्या कळतात की नुसता एक गूं-गूं गोळा येतो, ते बघा. आणि आवाज कमी ठेवून ऐका. जो मोठा वाजतो तो चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे.

घरी आणल्यावर मांडणीला एक सुट्टीचा दिवस द्या. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. टीव्हीच्या कपाटाच्या कप्प्यात स्पीकर कोंबायचे नाहीत, आवाज पेटीत घुमतो. सोफ्याच्या मधल्या जागेपासून दोरी लावून दोन्ही स्पीकरचं अंतर मोजा, डोळ्यांच्या अंदाजाने चार-सहा इंच सहज चुकतात. तोंडं किंचित आत वळवा. मग एखादं मोनो बोलणं किंवा जुनं गाणं लावा आणि डोळे मिटा. आवाज बरोबर मध्ये, मुठीएवढा, घट्ट यायला हवा. तो पसरट, डोक्याभोवती तरंगल्यासारखा आला आणि खर्ज गायब झाला असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलीय. हे फार घरांत असतं आणि वर्षानुवर्षं तसंच चालतं.

सोफा भिंतीपासून एक फूट तरी पुढे घ्या. जाण्या-येण्याची अडचण होईल हे मान्य, पण भिंतीशी खर्ज साठतो. तुमच्या ११ फुटांच्या रुंदीला ५० हर्ट्झच्या आसपासचा सूर खोलीत अडकून घुमणार, आणि तो सगळ्यात जोरात नेमका भिंतीलगत ऐकू येतो, जिथे तुमची डोकी आहेत. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा असला तर आवाज आणखी स्वच्छ होतो. रिसीव्हरचा मायक्रोफोन मोजणीच्या वेळी सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, स्टूलवर कानाच्या उंचीला धरा. त्या वेळी पंखा बंद.

आता सासूबाईंसाठी, आणि हे आज रात्री एक पैसा न खर्चता करून बघण्यासारखं आहे. सिनेमा किंवा मालिका ५.१मध्ये येत असेल आणि ऐकणारे स्पीकर दोनच असतील, तर यंत्र मधला चॅनेल ३ डीबीने उतरवून डाव्या-उजव्यात मिसळतं. त्यात बाजूच्या चॅनेलमधला गोंगाटही येऊन पडतो, आणि टीव्हीचे स्वतःचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून भिंतीशी बोलत असतात. संवाद बुडणारच. तेव्हा अ‍ॅपमध्ये आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ ‘स्टीरिओ’ करा. काही कार्यक्रमांची स्टीरिओ आवृत्ती वेगळी जमवलेली असते आणि तिच्यात बोलणं वर असतं. मग ‘नाइट मोड’ किंवा तत्सम नावाची सोय शोधा. ती मोठे आवाज दाबते, लहान उचलते. मारामारीत कानठळ्या बसायचं तिथेच थांबेल. सिनेमाचा दणका कमी होतो म्हणून नवरा कुरकुर करेल; रात्री दहानंतर त्याचं ऐकू नका. पुढे मधला स्पीकर आला की रिसीव्हरमध्ये फक्त त्याचा आवाज २-३ डीबी वाढवता येतो, बाकी सगळं तसंच ठेवून. टीव्हीच्या रिमोटने सगळंच वाढवण्यापेक्षा हे फार वेगळं आहे. आणि एवढं करूनही त्यांना शब्द सुटे लागत नसतील तर कानांची तपासणी करून घ्या. वयाबरोबर आधी वरचे सूर जातात आणि स, श, त, थ, फ त्यांतच असतात. ‘ऐकू येतं पण कळत नाही’ ही तक्रार त्याचीच असते.

मधला येईपर्यंत रिसीव्हरच्या मेन्यूत सेंटर ‘नाही’ असं सांगायला विसरू नका. नाहीतर तो नसलेल्या स्पीकरकडे संवाद पाठवत बसेल आणि पडद्यावर नुसती तोंडं हलतील. पाठोपाठ तुम्हाला पुन्हा पत्र लिहावं लागेल.

सबवूफर शेवटी, मधल्याच्याही नंतर. साडेसहा इंची वूफर तुमच्या खोलीत गाण्यापुरता खर्ज देतो. सिनेमाच्या गडगडाटाला सबवूफर लागतो, कारण ५.१मधला तो ‘.१’ म्हणजे १२० हर्ट्झपर्यंतचा वेगळा खर्जाचा चॅनेल असतो आणि दोन स्पीकरमध्ये मिसळताना तो बहुधा सोडूनच दिला जातो. नवऱ्याला नेमकं हेच हवं आहे, त्याला हे सांगा. मागच्या स्पीकरांपेक्षा सबवूफरवर तो जास्त खूश होईल. आला की एक गंमत करा. तो सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एखादी खर्जाची धून लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे खर्ज सारखा आणि सुटा ऐकू येईल ती त्याची जागा. घरचे हसतील, हसू द्या. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे सूर सबवूफरकडे जातात तो आकडा, ८० हर्ट्झवर ठेवा. शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवायचे असतील तर त्याच्या आवाजावर नजर ठेवा, खर्ज भिंती ओलांडून जातो.

राहिले वडिलांचे स्पीकर. ते माळ्यावरून काढा आणि आधी पुढची जाळी काढून कोनाभोवतीची कड बघा. ती रबराची असेल तर बहुधा शाबूत असेल. फोमची असेल तर इतक्या वर्षांत तिचा भुगा होत आला असेल, बोट लावताच सुटेल. तसं असेल तर वाजवू नका, स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडून नवी कड बसवून घ्या, हे काम सहज होतं. चांगले निघाले तर आत्ता फक्त रिसीव्हर घ्या आणि दोनेक महिने त्यांच्यावरच ऐका. काय कमी पडतंय ते तुम्हालाच कळेल आणि नवे घेताना दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. कदाचित तुम्हाला तेच आवडतील. तसं झालं तर मधला मात्र त्यांच्या जोडीचा मिळणार नाही, तेव्हा सासूबाईंसाठी तीन नवे एकदम घ्यायची वेळ येईल. मग जुने जपून ठेवा. कधी सोफा पुढे आला तर ते मागे लागतील, मागे स्वर जुळण्याची अट एवढी कडक नसते.

त्या ४ ओहमचं एवढंच: ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध, तो निम्मा म्हणून असा स्पीकर ८ ओहमवाल्याच्या दुप्पट विद्युतप्रवाह ओढतो. रिसीव्हर पसंत करताना त्याच्या मागच्या बाजूला किंवा माहितीपत्रकात ४ ओहम चालतं असं स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. ‘६ ते १६ ओहम’ असं लिहिलेलं असेल तर त्या जोडीसाठी दुसरा रिसीव्हर बघा.